बस निवडायची? आधी खाली वाकून बघा

अमेरिकेतली शाळेची पिवळी बस साधारण बारा-पंधरा वर्षांनी निवृत्त होते. मग तिचा लिलाव होतो. काही बस भंगारात जातात, काही ग्वाटेमालासारख्या देशांत जाऊन रंगीबेरंगी प्रवासी गाड्या होतात, आणि काही बसमधली बाकं उपटून लोक त्यात चक्क घर थाटतात. अशा घराला इथं 'स्कूली' म्हणतात. पलंग, ओटा, संडास-बाथरूम, छतावर सोलर पॅनल, सगळं बसच्या पोटात.

हा नाद आता आपल्या मराठी मंडळींपर्यंतही पोचलाय. कारण सरळ आहे. आई-बाबा सहा महिन्यांसाठी येतात आणि त्यातले चार महिने खिडकीतून रिकामा रस्ता बघत काढतात. यलोस्टोन किंवा ग्रँड कॅनियन दाखवायचं, तर दिवसदिवस गाडी हाकायची, दर दीड तासानं बाथरूम शोधायचं, रात्री मोटेल आणि सकाळी गार बेगल. शाकाहारी आणि मधुमेही माणसाचे तर हालच. त्यापेक्षा आपलं स्वयंपाकघर आणि आपलं बाथरूम बरोबर घेऊनच निघालं तर? तयार आरव्हीच्या किमती ऐकून पोटात गोळा येतो. लिलावातली जुनी बस मात्र काही हजार डॉलरला मिळून जाते.

मी कोलोरॅडोत राहतो, पेशानं सॉफ्टवेअर इंजिनिअर. आमच्या मित्रमंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा विषय निघाला की प्रश्न ठरलेले असतात. किती फुटी घ्यावी? कितीला मिळेल? किती मैल पळालेली चालेल? छत उंच करता येतं का? यातला एकही प्रश्न वाईट नाही. पण ज्या प्रश्नावर बाकी सगळं उभं आहे, तो कुणी विचारत नाही: या बसला ॲक्सल किती, आणि प्रत्येक ॲक्सल किती वजन पेलतो? ओटा चुकला तर मोडून परत करता येतो. ॲक्सल मात्र बसबरोबर येतो तो येतोच.

पाटीवरचे दोन आकडे

प्रत्येक बसमध्ये ड्रायव्हरच्या सीटच्या आसपास एक छोटी पाटी असते. तिच्यावर दोन प्रकारचे आकडे असतात. पहिला जीव्हीडब्ल्यूआर, म्हणजे माणसं, सामान, डिझेल, पाणी सगळं धरून गाडीचं जास्तीत जास्त एकूण वजन. दुसरा जीएडब्ल्यूआर, म्हणजे एकेका ॲक्सलवर जास्तीत जास्त किती भार चालतो तो आकडा. पुढच्याचा वेगळा, मागच्याचा वेगळा. शेजारीच टायरचा आकार आणि हवेचा दाबही लिहिलेला असतो.

हे आकडे कारखान्यानं ठरवलेले असतात. बाकं काढल्यानं ते वाढत नाहीत आणि आपण जाड स्प्रिंगा टाकल्यानंही वाढत नाहीत. ॲक्सल, स्प्रिंग, ब्रेक, रिम, टायर या सगळ्या साखळीतली सगळ्यात कच्ची कडी जेवढं पेलेल, तेवढाच तो आकडा. आमच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हरची क्षमता ही सगळ्यात हळू चालणाऱ्या भागाएवढी असते, तसंच हे.

आणि दोन्ही आकडे एकाच वेळी पाळायचे असतात. एकूण वजन मर्यादेत आहे, पण मागचा ॲक्सल ओव्हरलोड आहे, असं सहज होऊ शकतं. बहुतेक लोक फक्त पहिला आकडा बघतात आणि निश्चिंत होतात.

शाळेच्या बसची क्षमता कुठून येते, तेही गमतीचं आहे. इथल्या नियमानुसार बसचा जीव्हीडब्ल्यूआर ठरवताना प्रत्येक सीटमागे किमान १५० पौंड धरावे लागतात, पण शाळेच्या बसला १२० पौंड धरले तरी चालतात, कारण प्रवासी लहान असतात. ७७ मुलांची बस घ्या. ७७ गुणिले १२० म्हणजे ९,२४० पौंड, साधारण ४,२०० किलो. मोठ्या बसमध्ये निदान एवढी जागा वजनाच्या हिशेबात असते. वर काढून टाकलेल्या बाकांचं वजन वेगळं. त्यामुळे पूर्ण लांबीच्या स्कूल बसचं एकूण वजन सहसा हाताबाहेर जात नाही. घोटाळा होतो तो ते वजन कुठं ठेवलं यात. आणि छोट्या बसमध्ये तर एकूण वजनातही.

तीन बस, तीन स्वभाव

बाजारात साधारण तीन जातींच्या बस दिसतात.

पहिली छोटी बस. विमानतळावर किंवा वृद्धांच्या केंद्रात दिसते तशी, व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेली. चालवायला सोपी, कुठंही पार्क होते, बायकोलाही लगेच आवडते. फोर्ड ई-४५० चा सांगाडा यात फार दिसतो. त्याचा जीव्हीडब्ल्यूआर १४,५०० पौंड, म्हणजे साडेसहा टनांच्या थोडा वर. पण बॉडी, एसी, व्हीलचेअरची लिफ्ट धरून ही बस रिकामीच दहा हजार पौंडांच्या आसपास भरू शकते. उरले साडेचार हजार. त्यात पाच माणसं धरा, आठशे. पन्नास गॅलन पाणी, चारशे सतरा. भिंतींना फळ्या, फ्रीज, पलंग, गाद्या, बॅटऱ्या, गॅसचं सिलिंडर, कपडे, तांदळाची पिशवी. बघता बघता काटा लाल रेषेला टेकतो. छोटी बस म्हणजे वजनाची चिंता कमी, असं वाटतं खरं. पण वजन सगळ्यात आधी संपतं ते छोट्या बसमध्येच.

दुसरी पूर्ण आकाराची शाळेची बस. हिच्यातही दोन प्रकार. पुढं ट्रकसारखं नाक असलेली टाइप-सी, आणि सपाट तोंडाची टाइप-डी, जिचं इंजिन पुढं असतं किंवा अगदी मागं. दोन्हींना ॲक्सल दोनच, पुढं दोन टायर, मागं चार. टाइप-सी साधारण ३३,००० पौंडांपर्यंत मिळते, टाइप-डी ३६,२०० पर्यंत. टाइप-सीमध्ये इंजिनाचं वजन पुढच्या ॲक्सलवर असतं, त्यामुळे मागं घर बांधायला मोकळीक राहते. मागं इंजिन असलेली टाइप-डी आतून शांत आणि समोर काचेतून डोंगर बघायला झकास, पण तिचं इंजिन आणि गिअरबॉक्स मागच्या ॲक्सलच्याही मागं लटकलेले असतात. म्हणजे मागचा ॲक्सल आधीच अर्धा जेवून बसलेला. तिथं पाण्याची टाकी आणि बॅटऱ्या पुढच्या अर्ध्या भागातच हव्यात.

तिसरी लांब पल्ल्याची कोच. ग्रेहाउंडसारख्या कंपन्यांकडून उतरलेली, एमसीआय किंवा प्रेव्हो. हिला बहुतेक वेळा तीन ॲक्सल.

चौथीही एक असते, शहरातली ट्रान्झिट बस, लिलावात स्वस्त मिळते. पण ती रिकामी असतानाच मागच्या ॲक्सलवर जड असते. प्रवाशांनी भरली की ती नेहमीच्या मर्यादेबाहेर जाते, म्हणून कायद्यात तिला वेगळी सवलत द्यावी लागलीय. शिवाय तिचे गिअर सिग्नल ते सिग्नल धावण्यासाठी केलेले. दूरच्या प्रवासाला मी तरी ती घेणार नाही.

तिसरा ॲक्सल कशासाठी?

पुणे-बेंगळुरूचं तिकीट काढताना 'व्होल्वो मल्टी-ॲक्सल' असं वाचून आपण शंभर-दोनशे रुपये जास्त मोजलेले असतात. गाडी आरामदायी असते एवढंच आपल्याला ठाऊक. त्या शब्दाचा अर्थ असा, की मागं एका ॲक्सलऐवजी दोन आहेत. इंजिनाची ताकद सहसा त्यातल्या एकालाच मिळते. दुसरा नुसता वजन वाटून घ्यायला असतो. त्याला इथं टॅग ॲक्सल म्हणतात. सहा जागी चाकं, त्यातल्या दोन जागी ताकद, म्हणून कागदोपत्री 'सहा गुणिले दोन'. साधी बस 'चार गुणिले दोन'.

अमेरिकेत हा प्रकार रुजला त्याला कारण लांबी आणि वजन. पन्नाशीच्या दशकात जनरल मोटर्सची ३५ फुटी ४१०४ ही कोच दोन ॲक्सलवर मजेत चालायची. जुन्या काळी बसचं घर करणाऱ्यांची ती लाडकी. पण ग्रेहाउंडला ४० फूट लांब, मागचा भाग उंचावलेली सीनिक्रूझर हवी होती. १९५४ ते १९५६ या काळात अशा १,००१ बस बनल्या आणि त्या तीन ॲक्सलवरच उभ्या राहिल्या. पुढं एमसीआयनं ४० फुटी गाड्यांत टॅग ॲक्सल नेहमीचा करून टाकला. १९७८ मध्ये आलेली त्यांची एमसी-९ आजही लिलावात आणि जाहिरातींत दिसते.

तिसऱ्या ॲक्सलचे फायदे खरे आहेत. वजन जास्त पेलतो. खड्ड्यात गाडी कमी आपटते. मागचा एखादा टायर फुटला तरी गाडी सावरते. आणि कोचमध्ये जमिनीखाली, दोन ॲक्सलच्या मधोमध, सामानाचे मोठे कप्पे असतात. पाणी, बॅटऱ्या, जनरेटर सगळं तिथं, खाली आणि मध्यावर बसतं. वजन ठेवायला याहून चांगली जागा नाही.

पण बिलही येतं. सहाऐवजी आठ टायर. टोल बऱ्याच ठिकाणी ॲक्सल मोजून घेतात, तिथं दर फेरीला जास्त. अरुंद वळणावर टॅगचे टायर रस्त्यावर घासत फिरतात. आणि चिखलात किंवा ओल्या गवतावर वेगळीच गंमत होते. ताकद असलेल्या चाकांवर वजन कमी, कारण ते टॅगनं वाटून घेतलेलं, त्यामुळे चाकं जागीच फिरतात. म्हणून अनेक कोचमध्ये टॅगची हवा सोडून त्याच्यावरचा भार तात्पुरता कमी करायची सोय असते. जुनी कोच बघायला गेलात तर टॅगच्या हवेच्या फुग्यांना चिरा आहेत का, हे आवर्जून बघा. फुगा बसला की त्याचं सगळं ओझं शेजारच्या ॲक्सलवर पडतं, आणि ड्रायव्हरला ते लगेच कळेलच असं नाही.

माझा साधा ठोकताळा असा: वर्षभर त्यातच राहायचं आणि ४० फुटांच्या वर जायचं, तर तीन ॲक्सल. वर्षातून तीन-चार सहली आणि ३५ फुटांच्या आत, तर दोन पुरेत.

एसटीची मागची सीट

आता घोटाळ्याची मुख्य जागा. लाल एसटीत शेवटच्या सीटवर बसलेल्याला हे शिकवावं लागत नाही. स्पीडब्रेकर आला की पुढचे नुसते हलतात आणि मागचे छताला टेकतात. कारण ती सीट मागच्या चाकांच्याही मागं असते. गाडीचा तो लटकता भाग म्हणजे मागचा ओव्हरहँग. बैलगाडीत ओझं आसाच्या फार मागं गेलं की गाडी उलाळते आणि जू बैलांच्या मानेवरून वर उचललं जातं. बसमध्येही तेच होतं, फक्त बैलांच्या जागी पुढची चाकं.

आकड्यात बघू. समजा पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमध्ये २३ फूट अंतर आहे. लांब टाइप-सी बसमध्ये ते साधारण एवढंच असतं. शंभर गॅलन पाण्याची टाकी घेतली. एक गॅलन म्हणजे ८.३४ पौंड, तेव्हा पाणीच ८३४ पौंडांचं, ३७८ किलो. ही टाकी दोन ॲक्सलच्या बरोबर मधे ठेवली, तर प्रत्येकावर ४१७ पौंड. पण बहुतेक जण काय करतात? मागं पलंग, पलंगाखाली रिकामी जागा, म्हणून टाकी तिथं. समजा ती मागच्या ॲक्सलच्या ९ फूट मागं गेली. आता तरफेचा नियम लावा. मागच्या ॲक्सलवर भार येतो ८३४ गुणिले ३२ भागिले २३, म्हणजे १,१६० पौंड. आणि पुढच्या ॲक्सलवरचा ३२६ पौंड भार कमी होतो. ८३४ पौंडांच्या टाकीनं मागं १,१६० वाढवले!

मागं टाकीबरोबर बॅटऱ्या, हत्यारांची पेटी, दोन सायकली आणि एखादी स्कूटर टांगली, की पुढची चाकं हलकी होत जातात. कोरड्या सपाट रस्त्यावर काही जाणवत नाही. पावसात, उतारावर, वळण घेताना स्टिअरिंग फिरवावं आणि गाडीनं क्षणभर ऐकू नये, तेव्हा जाणवतं. त्या वेळी मागच्या सीटवर आपलीच माणसं बसलेली असतात.

अजून दोन बारीक गोष्टी. पाणी वापरलं की ते नाहीसं होत नाही, सांडपाण्याच्या टाकीत जातं. म्हणजे वजन एका जागेवरून दुसऱ्या जागी सरकतं. दोन्ही टाक्या ॲक्सलच्या मधेच हव्यात. दुसरं, डावं-उजवं. ओटा, फ्रीज, कपाट एका बाजूला आणि दुसरीकडे नुसतं बाक, असा आराखडा कागदावर छान दिसतो. रस्त्यावर गाडी एका कुशीवर कलते आणि त्या बाजूचे टायर लवकर मरतात.

टायर आणि मागच्या ॲक्सलचा तिसरा आकडा

खाली वाकून टायरची बाजू वाचा. मोठ्या बसला बहुधा ११आर२२.५ हा आकार असतो. त्यातला 'जी' भारश्रेणीचा टायर १०५ पीएसआय हवेवर एकटा असताना ६,१७५ पौंड पेलतो आणि जोडीत असताना ५,८४०. जोडीत कमी, कारण दोघांवर भार नेहमी सारखा पडत नाही. म्हणजे पुढच्या दोघांचे मिळून १२,३५०, मागच्या चौघांचे २३,३६०. हवा कमी असेल तर हे आकडेही कमी. टायरवर 'डीओटी' अक्षरांनी सुरू होणारी ओळ असते, तिचे शेवटचे चार आकडे म्हणजे तो बनवल्याचा आठवडा आणि वर्ष. '३२१४' असेल तर २०१४ चा बत्तिसावा आठवडा. नक्षी नवी दिसली तरी रबर म्हातारं झालेलं असू शकतं.

मागच्या ॲक्सलमध्ये अजून एक आकडा लपलेला असतो, तो डिफरन्शियलच्या गुणोत्तराचा. ५.२९, ४.४४ असा काहीतरी. चाकाच्या एका फेरीला त्याला फिरवणारा दांडा किती फेऱ्या घेतो, ते त्यातून कळतं. हे वजन आणि वेग यांच्यातलं लग्न आहे. मोठा आकडा म्हणजे चढावर जोर, पण हायवेवर इंजिनाची धाप. हिशेब सोपा आहे. ११आर२२.५ चा टायर एका मैलात साधारण ५०० फेऱ्या घेतो, म्हणजे ताशी ६० मैलांना मिनिटाला ५०० फेऱ्या. गुणोत्तर ५.२९ आणि जुना चार-गिअरचा ॲलिसन एमटी६४३, ज्याचा वरचा गिअर एकास एक, तर इंजिन मिनिटाला २,६४५ फेऱ्या घेईल. अनेक जुन्या डिझेल इंजिनांची हद्दच २,५०० ते २,६०० असते. म्हणजे ही बस ६० गाठणारच नाही, आणि ५५ ला दिवसभर कानाशी घरघंटी चालेल. तेच गुणोत्तर ४.४४ असेल तर फेऱ्या २,२२०. किंवा ५.२९ च राहू दे, पण गिअरबॉक्समध्ये ०.७५ चा ओव्हरड्राइव्ह असेल, तर १,९८४. शाळेपासून शाळेपर्यंत जाणाऱ्या बसला हे सोसतं. डेन्व्हर ते यलोस्टोनला नाही.

रस्ता, कायदा आणि उतार

इंटरस्टेट हायवेवर एकट्या ॲक्सलला २०,००० पौंडांची मर्यादा आहे, म्हणजे साधारण नऊ टन. जवळजवळ असलेल्या जोड ॲक्सलला ३४,०००. ही मर्यादा उगाच नाही. १९५८ ते १९६० या काळात इलिनॉयमधल्या ओटावा गावाजवळ खास रस्ते बांधून त्यांच्यावर दोन वर्षं ट्रक फिरवले गेले. त्या प्रयोगातून निघालेला ठोकताळा असा, की रस्त्याचं नुकसान ॲक्सलवरच्या भाराच्या साधारण चौथ्या घातानं वाढतं. भार दुप्पट तर नुकसान सोळापट. दहा टक्के जास्त भार, तर सेहेचाळीस टक्के जास्त नुकसान. गावाकडच्या पुलांवर टनात मर्यादा लिहिलेली असते, तेव्हा आपल्या गाडीचं खरं वजन तोंडपाठ हवं. आणि इथला टन २,००० पौंडांचा, आपला हजार किलोंचा नव्हे.

लायसन्सचं थोडक्यात. घर म्हणून नोंदवलेली आणि स्वतःसाठी वापरलेली बस चालवायला बहुतेक राज्यांत व्यावसायिक लायसन्स लागत नाही. पण टेक्सासमध्ये २६,००० पौंडांच्या वर आणि कॅलिफोर्नियात ४० फुटांच्या वर वेगळ्या वर्गाचं, अव्यावसायिक लायसन्स लागतं. आपल्या राज्याचा नियम बस घेण्याआधी वाचा.

कायद्यापेक्षा मला भीती उताराची. आमच्याकडे आय-७० हायवे आयझेनहॉवर बोगद्यातून ११,००० फुटांच्या वर जातो आणि दोन्हीकडे मोठा उतार आहे, काही जागी सात टक्क्यांपर्यंत. तिथं ब्रेकच्या धुराचा वास घेत उभे असलेले ट्रक मी पाहिलेत. गाडीचं वजन दहा टक्क्यांनी वाढलं की ब्रेकनं जिरवायची उष्णताही तेवढीच वाढते. म्हणून डोंगरात राहणाऱ्यानं बस बघताना इंजिन ब्रेक किंवा रिटार्डर आहे का, हा प्रश्न एसी आहे का, याच्या आधी विचारावा.

वजनाची वही

आम्ही घरी एक स्प्रेडशीट केलीय. प्रत्येक वस्तूपुढं दोन रकाने: वजन किती, आणि पुढच्या ॲक्सलपासून अंतर किती. बाकीचं तरफेचं सूत्र करतं. त्यावरून घरात मोठ्या चर्चा झाल्या. बायकोला ग्रॅनाइटचा ओटा हवा होता. तीन सेंटिमीटर जाडीचा ग्रॅनाइट एका चौरस फुटाला साधारण १८ पौंड भरतो. वीस चौरस फुटांचे ३६० पौंड, म्हणजे दोन धडधाकट माणसं ओट्यावर कायमची आडवी झोपल्यासारखं. लाकडी ओटा ठरला. बॅटऱ्या लिथियमच्या घेतल्या तर शिशाच्या बॅटऱ्यांच्या निम्म्याहून कमी वजनात काम होतं, तेव्हा तिथं पैसे जास्त घालायचं ठरलं. आईनं फोनवर विचारलं, "पाटा-वरवंटा आणू का रे?" तिला सांगितलं, "आई, मिक्सरच बरा."

गेल्या काही महिन्यांत आम्ही तीन बस नीट बघितल्या. शटल बस आईला चढायला सोपी होती, पण वहीत तिचा मागचा ॲक्सल पाचव्याच पानावर भरला. जुनी कोच बघून मी मोहात पडलो होतो, पण आमच्या सहली वर्षातून तीन, आणि गाडी उभी करायची जागा एक. शेवटी मन बसलंय ते ३० फुटांच्या आसपासच्या टाइप-सी बसवर. मागचा लटकता भाग आखूड, पाण्याची टाकी दोन ॲक्सलच्या मधे जमिनीखाली, आई-बाबांच्या पट्ट्यासकट सीटाही मधेच, पलंग मागं. पलंग हलका असतो. चढायला आईसाठी एक जास्तीची पायरी करावी लागेल, ती वहीत लिहून ठेवलीय.

तुम्ही बस घेणार असाल तर एवढं तरी करा. पाटीचा फोटो काढा. टायरवरचा आकार, भारश्रेणी आणि तारीख लिहून घ्या. दोन ॲक्सलमधलं आणि मागच्या ॲक्सलपासून बंपरपर्यंतचं अंतर टेपनं मोजा. गुणोत्तर विचारा, मालकाला माहीत नसेल, तर ताशी ६० ला फेऱ्यांचा काटा कुठं जातो ते बघा. घेतल्यावर बाकं काढून झाली की गाडी ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर न्या. पुढचा आणि मागचा ॲक्सल वेगवेगळा तोलून चिठ्ठी मिळते, एका पिझ्झापेक्षा कमी पैशात. घर बांधून झालं की पाणी, डिझेल, सामान आणि सगळी माणसं भरून पुन्हा तोला. दोन चिठ्ठ्यांमधला फरक म्हणजे तुमचं घर.

आणि दुसऱ्या चिठ्ठीवरचा एखादा आकडा पाटीवरच्या आकड्याच्या पुढं गेला, तर "चालतंय की" म्हणू नका. काहीतरी उतरवा. सहल एक आठवडा पुढं गेली तरी यलोस्टोन कुठं जात नाही.